दुकानदार 'ग्राहक' नाही, म्हणून त्याला फसवायची मुभा?

सोनिवलीत माझ्या मामूंचं किराणा दुकान आहे. छोटा गाळा, वर पत्रा, काउंटरवर बरण्या. मामू मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले. हिशेब तोंडी, उधारीची वही मराठीत. पूर्वी माल आणायला ते पहाटेची लोकल पकडून कल्याणला जायचे. गेली काही वर्षं दुकानदारांसाठी असलेल्या एका घाऊक खरेदीच्या ॲपवरून मागवतात. आज ऑर्डर, उद्या टेम्पो दारात. ते ॲप त्यांच्या फोनमध्ये मीच टाकून दिलं होतं, हेही कबूल करतो.

मागच्या महिन्यात या ॲपचं 'नवं रूप' आलं. आठवड्याभरात मामूंचा फोन. बिस्किटांचे दोन बॉक्स मागवले होते, आले दोन केस. एका केसमध्ये बारा बॉक्स.

"बेटा, मी दोनच दाबलं होतं. तूच बघ."

मी बघितलं. मामूंनी खरंच दोनच दाबलं होतं. जुन्या स्क्रीनवर दोन म्हणजे दोन बॉक्स होते, नव्या स्क्रीनवर दोन म्हणजे दोन केस. 'केस' हा शब्द इंग्रजीत, फिकट राखाडी रंगात, मुंगीएवढ्या अक्षरात. मग चष्मा लावून सगळं ॲप तपासलं. 'मागची ऑर्डर पुन्हा द्या' हे बटण पहिल्या पानावरून गायब, त्या जागी जाहिराती. भाव ठळक, पण जीएसटी आणि पोहोच खर्च शेवटच्या पानावर. 'आज रात्री १२ पर्यंतच' म्हणणारी स्कीम दुसऱ्या दिवशीही तशीच. उधारीवर माल घेण्याच्या चौकटीत आधीच टिक केलेली. माल परत करायचा पर्याय पाच पानं आत, आणि तिथे इंग्रजी चॅट. बाईंडिंगच्या धाग्यात अडकलेल्या वहीसारखे मामूंचे पैसे त्या बिस्किटांत अडकले.

कंपनीचं नाव मी लिहीत नाही. प्रश्न एका कंपनीपुरता नाही.

स्टाफरूममध्ये हे सांगितलं तेव्हा एक सहकारी म्हणाले, "सर, लोकांनी शिकलं पाहिजे. जमाना बदलला." हे वाक्य मी फार ऐकलंय, आणि ते मला मान्य नाही. बी.एड.ला आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं: एक मुलगा चुकला तर मुलाकडे बघा, अख्खा वर्ग चुकला तर प्रश्नाकडे बघा. मी बाजारपेठेतल्या इतर दुकानदारांकडे चौकशी केली. कुणाकडे तेलाचे डबे जास्त आले होते, कुणाच्या नावावर न मागितलेली उधारी चढली होती. चाळीस वर्षं गल्ला सांभाळणारी माणसं एकाच महिन्यात अडाणी झाली का? नाही. प्रश्नपत्रिकाच मुलं नापास व्हावीत म्हणून काढली आहे. आणि नापास झालेल्या प्रत्येकामागे पेपर काढणाऱ्याला पैसे मिळतात.

दुसरा युक्तिवाद जास्त वजनदार आहे. जुना बाजार तरी कुठे सज्जन होता? बरोबर, नव्हता. आपल्याकडे हत्ता पद्धत होती. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचे आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता रुमाल बघायचा. पण त्या शेतकऱ्याला 'बोटांची भाषा शीक' असं सांगून आपण थांबलो नाही. वऱ्हाडात कारंजा इथे १८८६ साली नियमन केलेला बाजार सुरू झाला, १९६३ साली महाराष्ट्राने बाजार समित्यांचा कायदा केला, उघड लिलाव हा नियम झाला. १४ एप्रिल २०१६ रोजी केंद्र सरकारने ई-नाम सुरू केलं, तेव्हाही कल्पना हीच होती: मालाची प्रत तपासा, बोली सगळ्यांसाठी एकाच पडद्यावर लावा, पैसे खात्यात द्या. ते मराठीतही चालतं. बाजार समित्यांत आजही खोट आहेच, पण दिशा रुमाल उचलण्याची होती. या नव्या ॲपांनी तोच रुमाल काचेचा करून परत आणला.

आता कायदा बघा. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने असल्या फसव्या मांडणीविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात तेरा प्रकार नावानिशी आहेत: खोटी घाई करवणं, कार्टमध्ये गुपचूप वस्तू टाकणं, किंमत तुकड्यातुकड्याने उघड करणं, वगैरे. वाचून वाटलं, मामूंच्या फोनमध्ये बघूनच लिहिलंय. पण ही तत्त्वं उभी आहेत २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यावर, आणि त्या कायद्यात पुनर्विक्रीसाठी माल घेणारा माणूस 'ग्राहक' नाही. मी घरी बसून एक बिस्किटाचा पुडा मागवला तर मला संरक्षण. मामूंनी विकायला दोन बॉक्स मागवले तर ते 'व्यापारी', मोठ्या कंपनीच्या बरोबरीचे! एका बाजूला डिझायनर आणि वकिलांची फौज, दुसऱ्या बाजूला सातवी पास म्हातारा माणूस. याला बरोबरी म्हणतात?

आपल्या दीनमध्ये मापात मारणाऱ्यांच्या नावाने एक अख्खी सूरह आहे, ८३ वी. ऐब लपवून विकलेला माल परत करण्याचा हक्क फिक्हने खरेदीदाराला दिला आहे, आणि त्यासाठी माल घरात खायला घेतलाय की दुकानात ठेवायला, हे विचारलं नाही. जुन्या शहरांतला मुहतसिब बाजारात फिरून वजनमापं तपासायचा. आज माप स्क्रीनवर आहे आणि तपासणारा कुणी नाही.

मागण्या साध्या आहेत. नग, बॉक्स की केस, हे भावाएवढ्याच मोठ्या अक्षरात, मराठीत लिहा. करासकट एकूण रक्कम पहिल्याच पानावर दाखवा. कुठलीही चौकट आधी टिक करू नका. जाहिरातीवर 'जाहिरात' लिहा. रचना बदलण्याआधी महिनाभर सांगा आणि तोवर जुनी स्क्रीनही ठेवा. तक्रारीला मराठी बोलणारा माणूस द्या. आणि सरकारने ती २०२३ ची तत्त्वं छोट्या दुकानदारालाही लागू करावीत.

यातलं एकही काम कठीण नाही. आपल्याच मोहल्ल्यातली, माझ्याच वर्गात बसलेली मुलं आज ऐरोली-महापेच्या कंपन्यांत अशा स्क्रीन बनवतात. त्यांना माझं सांगणं आहे. बेटा, रोजी हलाल आहे की नाही हे फक्त पगार कुठून येतो यावर ठरत नाही, हातातून काय निघतं यावरही ठरतं. पुढची स्क्रीन बनवण्याआधी एक दुपार आपल्या चाचाच्या, मामूच्या काउंटरमागे बस. त्यांच्या हातात फोन दे, आणि काही न सांगता फक्त बघ.

मामूंची बिस्किटं अजून संपलेली नाहीत. गेल्या शुक्रवारी ते पुन्हा पहाटेच्या लोकलने कल्याणला गेले. गुडघे दुखतात, पण म्हणाले, "तिथे निदान माणसाला तोंडावर विचारता येतं."