विनोद आपल्याकडे वळतो तेव्हा

इजिप्तमधल्या एका विनोदी कार्यक्रमावर दोन वर्षांत दोन सत्तांची खप्पा मर्जी झाली. पहिली सत्ता धर्माचे नाव घेऊन निवडून आलेल्यांची होती, दुसरी लष्कराची. या दोघांचे एकमेकांशी हाडवैर. पण शुक्रवारी रात्री टीव्हीवर आपली खिल्ली उडू नये, याबाबत दोघांचे एकमत होते. कार्यक्रमाचे नाव ‘अल-बर्नामेग’, म्हणजे नुसतेच ‘कार्यक्रम’. तो करणारा माणूस बासेम युसूफ, पेशाने हृदयशल्यविशारद. त्याची गोष्ट आपल्या तरुणांनी नीट समजून घ्यावी असे मला वाटते, कारण तिच्यात आपल्यासाठी एक अडचणीचा प्रश्न आहे.

२०११ च्या सुरुवातीला कैरोच्या तहरीर चौकात लाखो लोक उतरले आणि होस्नी मुबारक यांची तीस वर्षांची राजवट कोसळली. त्या दिवसांत सरकारी टीव्ही जणू काही घडलेच नाही असे दाखवत होता. चौकात जखमींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांमध्ये बासेम होते. मार्चमध्ये त्यांनी घरातल्या कपडे धुण्याच्या खोलीत एक कॅमेरा लावला आणि टीव्हीवरचा खोटेपणा दाखवणारे छोटे व्हिडिओ यूट्यूबवर टाकायला सुरुवात केली. लाखो लोकांनी ते पाहिले. लवकरच एका खासगी वाहिनीने त्यांना बोलावले. नोव्हेंबर २०१२ पासून कार्यक्रम ‘सीबीसी’ या वाहिनीवर दिसू लागला. कैरोतल्या जुन्या ‘रेडिओ’ सिनेमागृहात समोर प्रेक्षक बसवून त्याचे चित्रीकरण होई आणि शुक्रवारी रात्री देशभर लोक टीव्हीपुढे जमत.

पद्धत त्यांनी अमेरिकेतल्या जॉन स्टुअर्ट यांच्या ‘द डेली शो’वरून घेतली होती, आणि ती फार सोपी होती. एखादा पुढारी वा धर्मोपदेशक काल काय म्हणाला याची चित्रफीत दाखवायची, मग तोच आज काय म्हणतो ते दाखवायचे, आणि मध्ये फक्त भुवई उंचावायची. निम्मा विनोद तो पुढारी स्वतःच करून ठेवायचा. गोहाच्या, म्हणजे आपल्या मुल्ला नसरुद्दीनच्या, गोष्टींवर वाढलेल्या लोकांना ही भाषा नवी नव्हती. राष्ट्राध्यक्षावर उघडपणे, तेही टीव्हीवर हसता येते, ही गोष्ट मात्र अगदी नवी होती.

तेव्हा राष्ट्राध्यक्ष होते मुस्लिम ब्रदरहुडचे मोहम्मद मुर्सी. मार्च २०१३ मध्ये पाकिस्तानातल्या एका विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. त्या समारंभात मुर्सींनी घातलेल्या टोपीची भलीमोठी नक्कल डोक्यावर चढवून बासेम कार्यक्रमात आले. महिनाअखेर त्यांच्याविरुद्ध वॉरंट निघाले. आरोप तीन: इस्लामचा अपमान, राष्ट्राध्यक्षांचा अपमान आणि खोट्या बातम्या पसरवणे. चौकशीला जाताना बासेम तीच टोपी घालून गेले. १५ हजार इजिप्शियन पौंडांच्या जामिनावर त्यांना सोडण्यात आले. तीन आरोपांत इस्लाम पहिला आला आणि राष्ट्राध्यक्ष त्याच्या आडोशाला उभे राहिले, हे लक्षात घ्या. बासेम यांची भूमिका स्पष्ट होती. धर्माचा अपमान करतात ते धर्माच्या आडून राजकारण करणारे. आपण फक्त ते दाखवतो.

इथपर्यंतची गोष्ट आपल्यातल्या पुरोगामी म्हणवणाऱ्यांना आवडते. पुढची अधिक महत्त्वाची आहे.

३ जुलै २०१३ ला लष्कराने मुर्सींना पदच्युत केले. ऑगस्टमध्ये कैरोच्या राबा चौकातले मुर्सीसमर्थकांचे धरणे सुरक्षा दलांनी मोडून काढले. ह्यूमन राइट्स वॉच या संघटनेच्या अहवालानुसार त्यात किमान ८१७ माणसे मारली गेली. त्याच सुमारास देशात जनरल सीसी यांची लाट होती. त्यांच्या चेहऱ्याची चॉकलेटेसुद्धा बाजारात आली होती. ऑक्टोबरच्या अखेरीस ‘अल-बर्नामेग’ परत सुरू झाला आणि पहिल्याच भागात बासेम यांनी या व्यक्तिपूजेवर बोट ठेवले. काल मुर्सींवरच्या विनोदाला टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी अनेकांनी त्यांना देशद्रोही आणि परक्यांचा हस्तक ठरवले. पुढच्याच आठवड्यात सीबीसीने कार्यक्रम थांबवला. फेब्रुवारी २०१४ मध्ये तो दुसऱ्या वाहिनीवर आला, पण टिकला नाही. २ जून २०१४ रोजी, सीसी निवडून आल्याची अधिकृत घोषणा व्हायच्या आदल्या दिवशी, बासेम यांनी पत्रकार परिषद घेऊन कार्यक्रम संपल्याचे जाहीर केले. त्याच वर्षी त्यांनी देश सोडला.

जॉन स्टुअर्ट एकदा या कार्यक्रमात पाहुणे म्हणून गेले होते. विनोद सहन करण्याइतकी ताकद ज्या राजवटीत नाही तिला राजवट म्हणता येणार नाही, अशा अर्थाचे ते तिथे बोलले. अमेरिकेत आपल्याला अशी भीती नाही, हेही त्यांनी सांगितले होते. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच अमेरिकेत सरकारी नियामकाच्या प्रमुखाने जाहीर इशारा दिल्यावर एबीसी वाहिनीने जिमी किमेल यांचा रात्रीचा कार्यक्रम काही दिवस बंद ठेवला. प्रेक्षकांनी आवाज उठवला आणि तो परत आला. फरक पडला तो तिथे.

आता आपल्याकडे येऊ. १ जानेवारी २०२१ ला इंदूरमध्ये मुनव्वर फारुकीला अटक झाली. महिनाभराहून अधिक काळ तो तुरुंगात होता. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिला. मार्च २०२५ मध्ये कुणाल कामराच्या एका विडंबनावरून मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’ या स्टुडिओची मोडतोड झाली. दोन्ही वेळा आपल्या तरुणांनी संताप व्यक्त केला आणि तो योग्यच होता. पण माझा प्रश्न पुढचा आहे. उद्या आपल्याच मोहल्ल्यातल्या एखाद्या पोराने वक्फच्या जमिनी गिळणाऱ्या मुतवल्लीवर, निवडणुकीच्या आदल्या रात्री ‘कौम खतरे में’ म्हणणाऱ्या नगरसेवकावर, किंवा मुलींच्या शिक्षणाविरुद्ध बोलून स्वतःच्या मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घालणाऱ्या वक्त्यावर असाच व्हिडिओ केला, तर आपण कुठे उभे राहू?

यावर दोन उत्तरे हमखास मिळतात. पहिले म्हणजे, सूरह हुजुरातमध्ये एका समूहाने दुसऱ्याची टर उडवण्यास मनाई आहे. ती आहेच, आणि ती मोलाची आहे. पण तिथला रोख माणसांना हीन लेखण्यावर आहे. कोणाची जात, रंग, गरिबी, अपंगत्व, बोली यांवर हसणे त्यात मोडते, आणि आपल्या लग्नाच्या जेवणावळीत ते सर्रास चालते. तेव्हा ही आयत कोणाला आठवत नाही. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागणारा विनोद ही वेगळी गोष्ट आहे.

दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक आहे. ‘आधीच चारी बाजूंनी मार बसतोय, त्यात आपणच आपल्यावर हसायचे? विरोधकांच्या हातात कोलीत द्यायचे?’ बासेम यांच्यावरही हा आक्षेप आहे. त्यांच्या थट्टेने ब्रदरहुड दुबळी झाली आणि लष्कराचे फावले, असे म्हणणारे इजिप्तमध्ये आहेत. ही भीती मी झटकून टाकणार नाही. आपले हसणे कापून, संदर्भ तोडून दुसरे कोणी वापरेल, ही शक्यता खरी आहे. पण रणगाडे विनोदाने बाहेर काढले नव्हते. आणि लष्कर आल्यावर बासेम गप्पही बसले नाहीत. त्यांच्या विनोदाची विश्वासार्हता तिथे सिद्ध झाली. जो फक्त विरोधकावर हसतो तो प्रचारक. जो आपल्या बाजूच्या खुर्चीवरही हसतो, त्याचे विरोधकावरचे हसणे लोक गंभीरपणे घेतात.

मी सॉफ्टवेअर क्षेत्रात काम करतो. आमच्याकडे चुका शोधण्यासाठी वेगळा माणूस पगार देऊन ठेवतात. त्याने चूक दाखवली की कोणी त्याला कंपनीचा शत्रू म्हणत नाही, कारण त्याने झाकलेली चूक पुढे ग्राहकाच्या हातात फुटते. समाजात हे काम विनोदी माणूस जवळजवळ फुकट करतो, वर शिव्याही खातो.

म्हणून तरुण मित्रमैत्रिणींनो, पुढच्या वेळी असा व्हिडिओ ग्रुपवर आला आणि ‘भावना दुखावल्या’चा गलका सुरू झाला, तर एवढेच विचारा: विनोद दुबळ्यावर आहे की खुर्चीवर? दुबळ्यावर असेल तर करणाऱ्याला सुनवा. खुर्चीवर असेल तर करणाऱ्याच्या बाजूने आपल्या नावानिशी दोन ओळी लिहा, त्याच ग्रुपवर, जिथे तुमचे मामू आणि मशीद कमिटीचे सदर दोघेही आहेत. मुनव्वरच्या बाजूने ट्विटरवर लिहिणे सोपे होते. हे अवघड आहे, आणि गरज याचीच जास्त आहे.