ओवाळणीच्या तबकात वजनकाटा नको

चकलीची भाजणी गिरणीतून आली, आकाशकंदील माळ्यावरून खाली उतरला, की पुढचा प्रश्न ठरलेलाच. यंदा पाडव्याला आणि भाऊबीजेला द्यायचं काय? साड्या झाल्या, स्टीलचे डबे झाले. हल्ली तब्येत सुधारावी, माणसानं जरा हातपाय हलवावेत, अशा भेटी देण्याची टूम निघाली आहे. कल्पना चांगलीच आहे, पण मी तिच्यात एकदा तोंडघशी पडले आहे. तेवढं आधी सांगते.

तीन वर्षांपूर्वी आमच्या वन्सं बाळंतपणानंतर बऱ्याच सुटल्या होत्या. ओवाळणी भावाची, पण ती शोधायची वहिनीनं, ही आपल्याकडची रीत. मी मोठ्या हौसेनं काचेचा वजनकाटा आणला. वर रंगीत कागद, फीत, सगळं साग्रसंगीत! वन्संनी तो सगळ्यांसमोर उघडला. "छान आहे हो," म्हणाल्या. पण नंतर फराळाच्या ताटातल्या करंजीला त्यांनी हात लावला नाही. पुढे संक्रांतीला त्यांच्याकडे गेले, तर काटा पलंगाखाली, खोक्यातच. काय समजायचं ते मी समजले. कुणाला असा काटा देणं म्हणजे वहीवर लाल शाईनं शेरा मारणंच. शाळेत वह्या तपासायची सवय मला आहे. पण ही वही तपासायला मला कुणी सांगितलं होतं?

तेव्हा ज्या भेटीतून "तू जाड झालीस" असं ऐकू येईल, ती दुकानातच ठेवावी.

मग आणावं काय? माझं मत विचाराल तर चालण्याचे बूट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली मोठ्या माणसांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितला आहे. म्हणजे पाच दिवस, रोज अर्धा तास झपझप चाललं तरी भागतं. मात्र बूट गुपचूप आणू नयेत. माणसालाच बरोबर न्यावं, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाऊल थोडं सुजतं. बहुतेकांचा एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित मोठा असतो, म्हणून दोन्ही बूट मोजे घालून, उभं राहून बघावेत. लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा राहिली पाहिजे. "वापरून सैल होतील" या दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नये.

मुलींसाठी दोरीच्या उड्यांची दोरी स्वस्त आणि मस्त. दोरीच्या मध्यावर उभं राहिलं की मुठी काखेपर्यंत याव्यात, एवढी लांबी बरोबर. गुडघे दुखणाऱ्या बाईला मात्र ती चुकूनही देऊ नका. सूर्यनमस्कार घालणाऱ्याला न सरकणारी जाड चटई द्यावी. गुळगुळीत फरशीवर आपली सतरंजी सटकते आणि हात मोडायची वेळ येते. डंबेल्स विकत घेण्याआधी एक लिटर पाण्याची भरलेली बाटली हातात धरून बघा. किलोभर वजन फुकटात मिळतं! पावलं मोजणारं घड्याळ देणार असाल तर दहा हजारांचा धाक घालू नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये निघालेल्या एका पावलं मोजण्याच्या यंत्राच्या नावातून आला आहे, डॉक्टरांच्या चिठ्ठीतून नाही. आणि ती घरात चालवायची सायकल? माझ्या पाहण्यातल्या दोन घरांत तिच्यावर टॉवेल वाळतात. ज्यांना रक्तदाबाचा किंवा छातीचा त्रास आहे त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, हे वेगळं सांगायला नकोच.

आता पाडव्याची गोष्ट. गेल्या वर्षी आमच्या ह्यांनी ओवाळणीत मला चांगले बूट घातले. मी खूष झाले, आणि बूट तुळशीच्या लग्नापर्यंत खोक्यातच राहिले! सकाळी दूध, दोन डबे, मुलांची रिक्षा, त्यात माझी शाळा. चालायला जायचं कधी? शेवटी मी स्पष्टच म्हटलं, "बूट दिलेत, आता त्यात पाय घालायला अर्धा तासही द्या." हे गोरेमोरे झाले. पण दुसऱ्या दिवसापासून साडेसहा ते सात स्वयंपाकघर त्यांच्याकडे आलं. पहिल्या आठवड्यात दूध दोनदा उतू गेलं, धाकट्याच्या डब्यात पोळीबरोबर भाजी भरायचीच राहिली, आणि सासूबाई "बायको हिंडतेय आणि हा पोळ्या गुंडाळतोय" असं भिंतीला ऐकवत होत्या. मी पायरीवरून मागे फिरले नाही, एवढंच. आता त्याच सासूबाई मला उशीर झाला की दाराकडे बघून म्हणतात, "आज जायचं नाही वाटतं?"

म्हणून यंदा घरातल्या बाईला काही देणार असाल, तर तिचं सकाळचं एखादं काम कोण उचलणार ते आधी ठरवा, मग दुकानात जा.

वन्संची मी मागच्या महिन्यात माफी मागितली. काट्याचं नाव काढताच त्या हसल्या, जरा डोळेही पुसले. यंदा भाऊबीजेच्या आधी आम्ही दोघी संध्याकाळी बाजारात जाणार आहोत. बाळाला त्यांचा भाऊ सांभाळणार. वन्संचा आतापर्यंत एकच प्रश्न आला आहे, "वहिनी, साडीवर बूट बरे दिसतील का हो?"