पहाटेची सायकल, माहुलचे फ्लेमिंगो आणि पाइपलाइनवरचा ट्रॅक

डिसेंबर लागला की आम्हा मुलुंडकरांना एक वेगळाच रुबाब येतो. "आमच्याकडे बाबा थंडी असते," हे दादर-परळच्या पाहुण्यांना ऐकवल्याशिवाय चैन पडत नाही. त्यात अगदीच खोटं नाही म्हणा. मागे डोंगर, जंगल, समुद्र लांब. पहाटे आपल्याकडे कुलाब्यापेक्षा पारा खालीच असतो. 22 जानेवारी 1962 ला सांताक्रूझला 7.4 अंश नोंदले गेले होते, तो मुंबईचा विक्रम अजून मोडलेला नाही. आता 16 अंश झाले की लोक कानटोप्या काढतात आणि व्हॉट्सअॅपवर तापमानाचा स्क्रीनशॉट फिरायला लागतो.

मी सायकल काढतो ती याच दिवसांत. वर्षभर चालवतोच, पण खरी मजा नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत. पावसाळ्यात खड्डे दिसत नाहीत, एप्रिलमध्ये सात वाजताच शर्ट पिळायला येतो. थंडीत मात्र साडेपाचला निघावं, एलबीएसवर मेट्रोच्या पत्र्यांमधून वाट काढत भांडुप, कांजूर, विक्रोळी करत घाटकोपरपर्यंत यावं, आणि घामाचा थेंब नाही. रविवारी बोरिवलीला जायचं असेल तर नॅशनल पार्कमध्ये गेटपासून कान्हेरीपर्यंतचे सहा किलोमीटर, शेवटचा चढ छाती फोडणारा, पण वर पोचल्यावर दगडावर टेकून बसलं की खालच्या जंगलातून कोतवालाचा आवाज येतो. जानेवारीच्या शेवटी सावरीला फुलं लागतात, पान एक नाही आणि लाल फुलं गच्च. 104 चौरस किलोमीटरचं जंगल महापालिकेच्या हद्दीला खेटून आहे, हे आपण इतकं गृहीत धरलंय की कुणी बाहेरगावचा माणूस तोंडात बोट घालतो तेव्हा आपल्याला त्याचं आश्चर्य वाटतं.

एवढं कौतुक झालं. आता मुद्द्यावर येतो.

पहिला मुद्दा हवेचा. थंडीत पहाटे जे धूसर दिसतं त्याला आपण प्रेमाने धुकं म्हणतो. त्यातलं बरंचसं धुकं नसतं. रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवा थंड होऊन खाली बसते आणि वर गरम हवेचा थर झाकणासारखा येतो. वारा पडलेला. एरवी समुद्रावरचा वारा या शहराची घाण रोज धुऊन नेतो, थंडीत तो उशिरा आणि कमजोर येतो. मग बांधकामांची धूळ, डंपरचा धूर, शेकोट्या, जाळलेला कचरा, सगळं आपल्या नाकाच्या उंचीवर अडकतं. ऊन तापून झाकण निघायला नऊ-दहा वाजतात. म्हणजे सायकलीला सगळ्यात सुखाची वेळ तीच फुप्फुसाला सगळ्यात वाईट. त्यात सायकलवाला बसलेल्या माणसाच्या कितीतरी पट हवा आत ओढतो. पीएम 2.5 नावाच्या बारीक कणांची 24 तासांची आपली सरकारी मर्यादा 60 मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेची 15. आपण साठच्याही वर असतो तेव्हा त्या पंधराकडे बघायचंच कशाला!

30 डिसेंबर 2024 ला पालिकेने दोन भागांतली सगळी बांधकामं थांबवायचा आदेश काढला. एक भायखळा, दुसरा बोरिवली पूर्व. बोरिवली पूर्व! ज्याच्या दारात नॅशनल पार्क आहे ते बोरिवली. त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं की जंगल शेजारी असणं आणि हवा चांगली असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाडं धूळ खातात, पण त्यांच्या पोटालाही मर्यादा आहे. पुढे बंदी उठली आणि कामं सुरू झाली.

लगेच जानेवारी 2025 मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं. धूर वाईटच, त्याबद्दल वाद नाही. पण मला आठवतो तो पहाटेचा पाववाला. साडेपाचला रस्त्यावर माझ्यासारखा हेल्मेट, ग्लव्ह्ज, लाल दिवा लावलेला एखादाच असतो. बाकीचे सायकलवाले म्हणजे कॅरिअरला पावाची निळी थैली बांधलेला, पेपरची चळत घेतलेला, दुधाच्या पिशव्या लटकवलेला, रात्रपाळी संपवून निघालेला वॉचमन, थोड्या वेळाने भोंगा वाजवत येणारा इडलीवाला. यांच्या सायकलींना गिअर नसतात. बहुतेकांच्या दिव्याचा पत्ता नसतो. आपण 'शहरात सायकल संस्कृती रुजली पाहिजे' वगैरे लिहितो तेव्हा ही मंडळी आपल्या डोळ्यांसमोर नसतात. ती संस्कृती नाही, ते पोट आहे. आणि धुराचा हिशेब करायची वेळ आली की पहिला हात त्यांच्या बेकरीवर पडतो, टॉवरच्या पायाभरणीची माती सांडत जाणाऱ्या डंपरवर शेवटी.

आता ट्रॅकचं सांगतो, कारण गेली काही वर्षं मीच ट्रॅकच्या बाजूने हिरिरीने लिहीत होतो.

बीकेसीचा ट्रॅक आठवतोय? 2011 च्या सुमारास एमएमआरडीएने मोठ्या हौसेने बांधला. त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, टपऱ्या आल्या, सायकली आल्या नाहीत. येणार कशा? बीकेसीत राहतं कोण? कुर्ला किंवा बांद्रा स्टेशनातून तिथवर सायकलने यायला धड रस्ताच नाही. हौदात पोहायला जागा केली, पण हौदाला दारच ठेवलं नाही, असा प्रकार. शेवटी 2025 मध्ये तो काढून मोटारींसाठी रस्ता रुंद करायचं ठरलं. आणि वर आपल्यालाच ऐकवलं जातं, "बघा, दिला होता ट्रॅक, वापरला का कुणी?"

दुसरा ट्रॅक आपल्या उपनगरांचा. तानसाच्या जलवाहिनीच्या कडेने, मुलुंडपासून शीवकडे आणि घाटकोपरहून सहारकडे, एकूण 39 किलोमीटर. शेकडो कोटींचा खर्च. नाव काय तर 'ग्रीन व्हील्स अलाँग ब्लू लाइन्स'. तानसाचं धरण 1892 चं, तेव्हापासून ते पाणी या पट्ट्यातून शहरात येतंय. पाइपांच्या बाजूला सपाट, सिग्नल नसलेली जागा, मोटारी नाहीत. कागदावर यापेक्षा चांगली कल्पना नाही. मी तेव्हा लिहिलंही होतं की हा ट्रॅक झाला तर मुलुंडचा पोरगा न घाबरता शीवपर्यंत जाईल. इथे एक तुकडा, तिथे एक तुकडा सोडला तर सलग ट्रॅक आजही नाही. विचारायचं कुणाला? मार्च 2022 नंतर पुढची जवळपास चार वर्षं तर पालिकेत नगरसेवकच नव्हते.

पण माझा सूर बदलला तो दिरंगाईमुळे नाही. फ्लेमिंगोंमुळे बदलला.

मागच्या थंडीत एका रविवारी मी माहुलला गेलो. नोव्हेंबरपासून ठाणे खाडीत आणि शिवडी-माहुलच्या चिखलात फ्लेमिंगो उतरतात, मे महिन्यापर्यंत असतात. मराठीत छान नाव आहे, रोहित. खाडीच्या पट्ट्याला 2015 मध्ये अभयारण्याचा आणि 2022 मध्ये रामसरचा दर्जा मिळालाय. मे 2024 मध्ये घाटकोपरच्या पंतनगर भागात विमानाला धडकून 39 रोहित मेले, तेव्हा आपण सगळेच हळहळलो होतो. तर तेच बघायला चेंबूर मागे टाकून निघालो. रिफायनरीच्या भिंतींच्या मधून जाताना वासाने डोकं धरलं. कोळीवाड्याच्या पुढे जाऊन ओहोटीत पक्षी पाहिले, फोटो काढले, खूश झालो.

येताना चहाला थांबलो ते समोरच्या वसाहतीजवळ. 72 इमारती, 17 हजारांवर घरं. चहावाल्या मावशींनी सायकलकडे बघून विचारलं, कुठून आलात? मुलुंड म्हटल्यावर म्हणाल्या, "आम्ही विद्याविहारचे. पाइपलाइनवरचे." मग थांबून, "तुमच्या सायकलीसाठीच उठवलं ना आम्हाला?" आवाजात राग नव्हता. साखर किती, हे ज्या आवाजात विचारलं त्याच आवाजात विचारलं.

तांत्रिकदृष्ट्या मावशींचं बरोबर नाही. पाइपलाइनच्या सुरक्षेसाठी दोन्ही बाजूंची 10-10 मीटर जागा मोकळी करा, असा उच्च न्यायालयाचा आदेश होता आणि ट्रॅकची कल्पना नंतर आली, मोकळी केलेली जागा पुन्हा भरू नये म्हणून. शहराचं पिण्याचं पाणी आहे, सुरक्षेचा मुद्दा पोकळ नव्हता. पण त्यांना पाठवलं कुठे? माहुलला. ज्या माहुल-आंबापाड्याच्या हवेने लोकांच्या आरोग्याला धोका आहे, असं राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर 2015 मध्येच म्हणून ठेवलं होतं. त्यानंतर, 2017 पासून, पाइपलाइनवरची हजारो कुटुंबं तिथे गेली. दमा, खाज, क्षय या तक्रारी घेऊन लोक 2018 मध्ये पुन्हा विद्याविहारला पाइपलाइनशेजारी येऊन फुटपाथवर बसले. शेवटी 2019 मध्ये उच्च न्यायालयाला सांगावं लागलं की कुणालाही माहुलला जायची सक्ती करू नका, हवं तर महिना 15 हजार भाडं द्या. पुढे 2025 मध्ये पालिकेने तिथली 9 हजारांवर रिकामी घरं आपल्याच कर्मचाऱ्यांना 12 लाख 60 हजारांत विकायला काढली. मुंबईत या भावात घर म्हणजे लॉटरी. तरी प्रतिसाद अगदी थंड. ज्यांना हवा कशी आहे ते ठाऊक आहे त्यांनी उत्तर दिलं.

म्हणजे चित्र असं झालं. मी स्वच्छ हवेसाठी सायकल चालवणार. माझ्या सायकलीला जागा हवी म्हणून ज्या पट्ट्याचं मी कौतुक करणार, तिथली माणसं शहरातल्या अतिशय वाईट हवेत राहायला गेलेली. आणि मी रविवारी त्यांच्या दारात पक्षी बघायला जाणार. सायकल सोडून द्यावी असं मला वाटत नाही, ती मी आजही काढली होती. पण 'निसर्गप्रेमी' हा शब्द स्वतःला लावताना तेव्हापासून जीभ अडखळते.

काही मित्र म्हणतील, तू उगाच अपराधी वाटून घेतोस, सायकलवाल्याने प्रदूषण थोडंच केलं. खरंय. पण आपण मागणी काय करतो याची जबाबदारी आपली आहे. सुशोभित ट्रॅक मागितला की सुशोभित ट्रॅकच मिळतो, रविवारचा. त्याच्याऐवजी मी आता साध्या गोष्टी मागायला लागलोय. एलबीएसवर मेट्रोचे पत्रे निघतील तेव्हा कडेचे दीड मीटर सायकलसाठी आखून ठेवा आणि तिथे गाड्या लावू देऊ नका. गटाराची झाकणं रस्त्याच्या पातळीत बसवा. गेल्या वर्षी मी अशाच एका झाकणावरून पडून मनगट सुजवून घेतलं, पाववाल्याला तर ती चैन परवडत नाही, त्याचा दिवस बुडतो. मुलुंड, भांडुप, घाटकोपर स्टेशनांबाहेर सायकल बांधून ठेवायला लोखंडी कठडे द्या. मातीचे डंपर ताडपत्रीशिवाय दिसले तर थांबवा, हा नियम आहेच, तो पाळा. बेकरीवाल्यांना भट्टी बदलायला पैसे द्या, नुसती नोटीस नको. आणि माहुलमध्ये राहिलेल्यांना दुसरीकडे घरं द्या, पाइपलाइनच्या ट्रॅकचं पुढचं टेंडर त्याच्यानंतर काढा. शेवटच्या मागणीवर माझे सायकलवाले दोस्त नाराज होतील याची कल्पना आहे. होऊ देत.

रविवारी परत माहुलला जाणार आहे. ओहोटी सकाळची आहे, पक्षी दिसतील. मावशींना सांगून आलोय की विद्याविहारच्या जुन्या जागेचे आताचे फोटो आणतो. परवा जाऊन काढलेत. पाइपाच्या बाजूला मुरूम टाकलेला आहे, त्यावर गवत उगवलंय, एक तुटका कठडा आहे आणि कडेला कुणीतरी राडारोडा आणून टाकलाय. सायकल चालवण्यासारखं तिथे काहीही नाही. हे फोटो दाखवायचे की नाही, ते अजून ठरत नाहीये.