एकसूत्री कारभार

आगगाडीतील एक आसन एका प्रवासापुरते एकालाच देता येते, हे उघड आहे. परंतु ते मुंबईस दिले गेले, हे नागपूरच्या कारकुनास त्याच क्षणी कळावे कसे? पूर्वी यावर उपाय एकच होता. प्रत्येक मोठ्या स्थानकास काही जागा वाटून दिल्या जात व त्यांची नोंद तेथील जाडजूड वहीत होई. परतीची जागा हवी असल्यास परगावी तार करावी लागे. उत्तर येईपर्यंत प्रवाशाचा जीव टांगणीला! एका स्थानकाच्या वाट्याच्या जागा रिकाम्या राहत, तर दुसऱ्या स्थानकावर लोक तिष्ठत बसत.

१९८५-८६ च्या सुमारास दिल्लीत हे काम संगणकाकडे सोपविण्यात आले. पुढे दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे झाली आणि १९९९ साली ती परस्परांशी जोडली गेली. मग कोणत्याही गावाहून कोणत्याही गावापर्यंतचे तिकीट एकाच खिडकीवर मिळू लागले. ही सोय सोडून पुन्हा वह्यांकडे वळावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही.

तथापि या सोयीची किंमत आहे. वहीवर शाई सांडली, तर एका स्थानकाचेच काम अडत असे. आता एक केंद्र बंद पडले, की तेथे नोंदलेल्या गाड्यांची तिकिटे देशभर कोठेच मिळत नाहीत. केंद्रे पाच असल्यामुळे निदान साऱ्याच गाड्यांवर एकदम संकट येत नाही, हे सुदैव. १९ जुलै २०२४ रोजी तर एका कंपनीने धाडलेल्या सदोष सुधारणेमुळे जगातील सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्या दिवशी भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांना प्रवेशपत्रे हाताने लिहून देण्यात आली. ती लिहिणारी माणसे होती, म्हणून निभावले!

जाळ्यामुळे वाचलेला सगळाच खर्च नफा म्हणून मांडणे, ही संस्थांची मोठी चूक होय. त्यातील काही भाग हाताने काम चालविण्याच्या तयारीसाठी राखलाच पाहिजे. रेल्वेच्या जुन्या रीतीत एक शहाणपण होते. गाडी सुटण्यापूर्वी प्रवाशांची यादी कागदावर छापली जाई. मग केंद्र मुके झाले तरी तपासनीस प्रत्येकास त्याची जागा दाखवू शके. आता त्याच्या हाती लहानसे यंत्र आले आहे. ती यादी या यंत्रात आधीच उतरवून घ्यावयाची, की दर वेळी केंद्रालाच विचारावयाचे, यावर आडरानात थांबलेल्या गाडीतील प्रवाशांचे पुष्कळ काही अवलंबून आहे.