अपुऱ्या खेळाची पुरी किंमत

संगणकावरील खेळांच्या विक्रीचे सर्वांत मोठे दालन म्हणजे अमेरिकेतील व्हॉल्व्ह कंपनीचे ‘स्टीम’. या दालनात फेब्रुवारी २०२५ पासून एक छोटी सूचना दिसू लागली. विक्रीस ठेवलेला खेळ अपूर्ण असेल आणि त्याच्या निर्मात्यांनी वर्षाहून अधिक काळ त्यात काहीच भर घातली नसेल, तर ग्राहकाला तसे कळविणारी ही सूचना आहे. अपूर्ण खेळ अपूर्ण म्हणूनच विकण्याची पद्धत स्टीमने ‘अर्ली ॲक्सेस’ या नावाने मार्च २०१३ मध्ये सुरू केली होती. विक्रेत्याने काम थांबविले आहे काय, एवढी साधी गोष्ट खरेदीदाराला सांगण्यास जवळजवळ बारा वर्षे लागली.

पद्धत समजावयास सोपी आहे. खेळ पुरा होण्याआधीच विकावयाचा, आलेल्या पैशांतून तो पुरा करावयाचा आणि खेळणाऱ्यांच्या तक्रारींवरून त्यातील दोष हुडकावयाचे. मराठी वाचकाला प्रकाशनपूर्व सवलतीची योजना परिचित आहे. फरक इतकाच की, तेथे ग्रंथ बहुधा लिहून झालेला असतो. येथे पहिली तीन प्रकरणे हाती पडतात आणि उरलेली केव्हा लिहून होतील हे खुद्द लेखकालाही ठाऊक नसते.

या पद्धतीला प्रतिष्ठा मिळाली ती ‘माइनक्राफ्ट’मुळे. मार्कुस पेर्सन या स्वीडिश तरुणाने हा खेळ २००९ मध्ये कच्च्या स्वरूपात अल्प किमतीला विकावयास काढला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये तो पूर्ण झाल्याचे जाहीर केले. पुढे २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने त्याची कंपनी अडीच अब्ज डॉलरांना घेतली. ग्राहकांनी आगाऊ दिलेल्या पैशांवर एवढी मोठी संपत्ती उभी राहू शकते, हे सर्वांनी पाहिले. त्यातून घेतला गेलेला धडा मात्र अर्धवट होता. माइनक्राफ्टचा कच्चा खेळही त्या दिवशीच्या किमतीला पुरेपूर उतरत होता, ही गोष्ट अनेकांच्या नजरेतून सुटली.

‘डे-झी’ या खेळाची कथा वेगळी आहे. चेक प्रजासत्ताकातील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीने तो डिसेंबर २०१३ मध्ये अर्ली ॲक्सेसमध्ये आणला आणि अवघ्या महिन्याभरात त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. तो पूर्ण झाला डिसेंबर २०१८ मध्ये. मधल्या पाच वर्षांत निर्मात्यांनी खेळाचे अंतर्गत यंत्रच बदलावयास घेतले. घराचा पाया नव्याने घातला जात असताना बाहेरच्या माणसाला भिंती उंच होताना दिसत नाहीत. त्याला काम बंद पडल्यासारखेच वाटते. खेळाडूंचा संताप शिगेला पोचला आणि ‘माणसे का वाढवीत नाही?’ असा सवाल होऊ लागला. फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच दाखवून दिले होते की, रेंगाळलेल्या संगणकीय कामावर आणखी माणसे लावली तर ते अधिकच रेंगाळते. पण पैसे देऊन बसलेल्या ग्राहकाने असली पुस्तके वाचलेली असावीत, ही अपेक्षा कोणी करू नये.

यावरून खेळाडू उतावीळ असतात असा निष्कर्ष काढणे सोयीचे असले तरी चुकीचे ठरेल. बेल्जियममधील लारियन स्टुडिओजने ‘बाल्डर्स गेट ३’ हा खेळ ऑक्टोबर २०२० मध्ये पुऱ्या साठ डॉलरांना विकावयास काढला, आणि त्यात मिळत होता तो केवळ पहिला अंक. पूर्ण खेळ ऑगस्ट २०२३ मध्ये आला. एवढा काळ खेळाडू थांबले. याच पद्धतीने याच कंपनीने आधीचे दोन मोठे खेळ तडीस नेले होते; शिवाय जो अंक हाती दिला होता तो स्वतःच्या बळावर रमविणारा होता. संयम हा खेळाडूच्या स्वभावाचा गुण म्हणण्यापेक्षा विक्रेत्याने कमावलेली पत होय, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

परंतु पूर्वीची पतही नेहमी कामी येत नाही. मेक्सिकोतील ‘कर्बल स्पेस प्रोग्रॅम’ हा अंतराळयानांचा खेळ २०११ ते २०१५ या काळात याच मार्गाने घडला आणि नावाजला गेला. त्याचा दुसरा भाग वेगळ्या मालकांनी, वेगळ्या चमूकरवी, फेब्रुवारी २०२३ मध्ये पन्नास डॉलरांना बाजारात आणला. दूरच्या ग्रहांवरील वसाहती, ताऱ्यांपर्यंतचा प्रवास अशी आश्वासने होती. २०२४ मध्ये त्या चमूलाच कामावरून कमी करण्यात आले. ज्यांनी नावावर विश्वास ठेवला, त्यांच्या हाती नाव तेवढे उरले.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिल्यास या व्यवहारातील ग्राहक हा अर्धा गुंतवणूकदार असतो. भांडवल तो पुरवितो, धोका तो पत्करतो. पण नफ्यात त्याला वाटा नाही आणि हिशेब मागण्याचा हक्कही नाही. स्टीमच्या नियमानुसार खरेदीपासून चौदा दिवसांत, दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत करता येतो. तिसऱ्या वर्षी पडणाऱ्या निराशेला ही तरतूद काय कामाची? खेळाच्या आजच्या स्थितीकडे पाहूनच तो विकत घ्यावा, असा दुकानाचा सल्ला असतो. सल्ला रास्त आहे; मात्र विक्री होते ती भावी योजनांच्या रंगीत तक्त्यावर.

बांधकाम सुरू असलेल्या घरांच्या बाबतीत आपल्याकडेही दीर्घकाळ हेच चालले होते. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने खरेदीदारांकडून आलेल्या रकमेपैकी सत्तर टक्के वेगळ्या खात्यात ठेवून त्याच बांधकामावर खर्च करण्याचे बंधन घातले. खेळांना हा नियम जसाच्या तसा लावता येणार नाही. दोन-तीन माणसांचा लहान स्टुडिओ महिन्याच्या विक्रीवरच जगतो. त्याचा पैसा अडवून ठेवला तर खेळ आजच बंद पडेल.

दुकानाची गोष्ट निराळी. प्रत्येक विक्रीवर स्टीम सर्वसाधारणपणे तीस टक्के घेते आणि खेळ पूर्ण असो वा अपूर्ण, दरात फरक पडत नाही. निर्माता श्रम गुंतवितो, ग्राहक पैसा गुंतवितो; वाट पाहण्याचा भार नसलेला पक्ष काय तो हाच. अपूर्ण खेळावरील या वाट्यापैकी निम्मी रक्कम तरी खेळ पूर्ण होईपर्यंत राखून ठेवण्यास आणि काम सोडून दिले गेल्यास ती ग्राहकांना परत करण्यास व्यवहारात कोणती अडचण आहे, याचे उत्तर दालनाच्या चालकांकडून मागावयास हवे.