टीचरचं अप्रेझल

आपलं अप्रेझल होतं केबिनमध्ये, दार बंद करून. अमेरिकेत सरकारी पैशावर चालणाऱ्या 'हेड स्टार्ट' बालवाड्यांत टीचरचं होतं भर वर्गात! पद्धतीचं नाव 'क्लास', बनवली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या रॉबर्ट पिआंटा आणि मंडळींनी. निरीक्षक वीस मिनिटं नुसतं बघतो, मग १ ते ७ मार्क देतो. खेळणी, रंगीत भिंती यांना शून्य भाव. टीचर पोरांचं ऐकते का, 'रंग कोणता?' यावर न थांबता 'तुला असं का वाटलं?' विचारते का, ते बघायचं. गंमत म्हणजे मायेत बहुतेक टीचर मस्त पास होतात. मार्क घसरतात ते या 'का'पाशी. तेव्हा प्लेस्कूल बघायला जाल, तर सीसीटीव्ही मोजून झाल्यावर पाच मिनिटं वर्गाबाहेर थांबा. आतून आवाज कुणाकुणाचे येतायत?