काचेआडचा लामणदिवा

कवी अज्ञातवासी, अर्थात दिनकर गंगाधर केळकर, यांनी अकाली निवर्तलेल्या आपल्या राजा या पुत्राच्या स्मरणार्थ पुण्यात उभारलेल्या संग्रहालयातील दिव्यांची, अडकित्त्यांची आणि वाद्यांची दालने ज्यांनी एकवार तरी पाहिली असतील, त्यांना हेही स्मरत असेल, की वस्तूइतकीच तिच्यासमोरची काचही डोळ्यांत भरते.

कोणत्याही संग्रहालयात छायाचित्रकाराची कसोटी या काचेपाशीच लागते. बहुतेक ठिकाणी तिपाईला मज्जाव, फ्लॅशला मनाई, आणि मनाजोगता कोन साधावा तर नेमका कठडा आडवा. पण हा बंदोबस्त वाजवीच म्हटला पाहिजे, कारण जुन्या रंगांची व वस्त्रांची प्रकाशाने झालेली हानी भरून येत नाही. अशा वेळी भिंग काचेच्या अगदी निकट नेऊन भोवती काळे फडके धरले, तर खिडकीचे प्रतिबिंब नाहीसे होते. पोलरायझर काचेच्या लंबरेषेपासून सुमारे ५६ अंश तिरके उभे राहिल्यास उत्तम काम देतो. ऐन समोरून मात्र त्याचा कवडीइतका उपयोग नाही. पार्श्वभूमीतील चिठ्ठ्या, नळ्या, प्रेक्षकांची डोकी टळत नसतील, तर सबंध लामणदिव्याचा हव्यास सोडावा आणि गुडघे टेकून साखळीवरचा पितळी मोर तेवढा टिपावा.

आम्ही टिपलेल्या अशाच एका मोराच्या छातीवर आमच्या पांढऱ्या सदऱ्याची तीन बटणे उमटली होती, हे अंक छापून झाल्यावर ध्यानी आले!

आगामी अंकासाठी चित्रे पाठवणाऱ्यांनी संग्रहालयाची लेखी परवानगी सोबत जोडावी, आणि जाताना गडद रंगाचा सदरा घालावा.